कौलावर १८६५, तुळईवर शके १७०३: विटांच्या जुन्या वाड्याचा इतिहास कसा शोधावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात तुमचा दुमजली विटांचा वाडा आहे. घरात सगळे तो पेशवाईतला असल्याचं सांगतात. माजघराच्या तुळईवर ‘शके १७०३’ कोरलेलं आहे. छपराच्या कौलांवर इंग्रजीत १८६५ उमटलेलं आहे. समोरच्या भिंतीची वीट जाड, मागची पातळ, आणि मागच्या सोप्यावर (ओसरीवर) लोखंडी गर्डर आहेत. कागद म्हणाल तर हातात फक्त मिळकत पत्रिका. पावसाळा संपला की दुरुस्ती काढायची आहे, त्याआधी वाड्याचा खरा इतिहास लिहून ठेवायचा आहे. तर यातलं कोणतं साल धरायचं?

एकेकटं कोणतंच धरू नका. अशा कामात सर्वांत जास्त घोळ होतो तो तीन वेगळे इतिहास एकात मिसळल्यामुळे. घराणं त्या गावात कधी आलं, हा एक इतिहास. ती जागा घराण्याकडे कधी आणि कशी आली, हा दुसरा. आज उभी असलेली इमारत कधी बांधली, हा तिसरा. घराणं पेशवाईत आलेलं असतं, जागा वतनात किंवा इनामात मिळालेली असते, आणि वाडा मात्र पणजोबांनी जुना पाडून त्याच जोत्यावर नव्याने उभा केलेला असतो. सांगणाऱ्याच्या तोंडी हे तिन्ही ‘आमचा वाडा’ म्हणूनच येतं. त्यात खोटं कुणी बोलत नाही, पण तुळईवरचं साल आपोआप अख्ख्या इमारतीला चिकटतं.

आधी कौलांचं सांगतो, कारण तिथे फसगत ठरलेली आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि स्थापनेचं हे साल पुढे वर्षानुवर्षं कौलांवर उमटत राहिलं. म्हणजे ते कारखान्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. तुमचं कौल १८७५ चं असेल किंवा १९१० चंही असेल. कौल उलटं करून नाव पूर्ण वाचा. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. ते नाव असेल तर कौल महायुद्धानंतरचं, मग साल काहीही उमटलेलं असो. शिवाय मंगळूरला रेल्वे पोहोचली १९०७ मध्ये. त्याआधीचा माल गलबतांनी मुंबईला किंवा कोकणातल्या बंदरांत उतरायचा आणि तिथून घाटावर चढायचा. पुण्याहून मिरजेकडे जाणारा रेल्वेमार्ग झाला १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याच्या आधी साताऱ्याकडच्या आतल्या गावात अख्खं छप्पर मंगळुरी कौलांचं असणं म्हणजे घरात भरपूर पैसा असणार. बहुतेक घरांवर तेव्हा कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं असत.

आता छपराखाली वासे आणि रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या, पाहा. मंगळुरी कौलाला एकसारख्या अंतरावर रिपा लागतात, नळीच्या कौलांचा सांगाडा वेगळा असतो. वाशांवर जुन्या खिळ्यांची भोकं आजच्या रिपांशी जुळत नसतील, तर छप्पर एकदा तरी बदललेलं आहे. मग कौलांवरून वाड्याचं वय काढण्याचा प्रश्नच उरत नाही, फक्त छपराचं निघेल.

तुळई हा जास्त मोलाचा पुरावा आहे, म्हणून तिच्यापाशी वेळ घालवा. शके १७०३ म्हणजे इसवी सन १७८१-८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र तिथी जानेवारी ते मार्चमधली, म्हणजे साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९ मिळवायचे. शकाबरोबर संवत्सराचं नाव कोरलंय का ते बघा. शके १७०३ ला ‘प्लव’ हेच संवत्सर हवं. दुसरं नाव असेल तर एक तर आकडा चुकीचा वाचला गेलाय, नाही तर मजकूर मागाहून कोणीतरी आठवणीने कोरला आहे. जुन्या कोरीव आकड्यांत १ आणि ९ यांची गफलत नेहमीची आहे, आणि ऑइलपेंटचे थर चढल्यावर तर ० आणि ८ सुद्धा सारखे दिसतात. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं आहे, त्यामुळे प्लव संवत्सर शके १७६३ आणि १८२३ मध्येही येतं, म्हणजे १८४१ आणि १९०१ मध्ये. आकडा पुसट आणि संवत्सर स्पष्ट असेल तर या तिन्ही शक्यता लिहून ठेवा आणि बाकीच्या पुराव्याने एकेक बाद करा. वाचण्यासाठी रंग खरवडू नका. रात्री दिवे घालवून टॉर्च तुळईला अगदी लगटून आडवा धरा आणि फोटो काढा. सावलीत अक्षरं उठून येतात.

साल नक्की झालं तरी ती तुळई त्या जागेसाठीच घडवली होती का, हा प्रश्न राहतोच. चांगलं सागवान आपल्याकडे कधी कुणी टाकून दिलेलं नाही. वाडा पडला, जळाला, भावांत वाटला गेला, तरी खांब, तुळया आणि चौकटी पुढच्या घरात जात. म्हणून तुळईच्या अंगावर हात फिरवा. एक उदाहरण देतो. एका वाड्यात माजघराच्या दारावर शक कोरलेली उत्तम तुळई होती आणि घरचे त्यावरूनच वय सांगत. तिच्या खालच्या अंगाला ओळीने चार खाचा होत्या, प्रत्येकीत लाकडाची चिप्पी ठोकून वर रंग दिलेला. खाचांमधलं अंतर त्या खोलीतल्या कुठल्याच खांबांशी जुळत नव्हतं. वरच्या अंगाला कमळाची नक्षी होती, ती भिंतीत गाडली गेली होती आणि फक्त टोकाला बोटभर दिसत होती. नक्षी भिंतीत दडवायला कोणी कोरत नाही. ती तुळई आधी कुठल्या तरी चौकात, चार खांबांवर, सगळ्यांना दिसेल अशी बसलेली होती, हे तिने स्वतःच सांगितलं. पुढे त्याच घरातल्या एका वाटणीपत्रात ‘जुन्या वाड्याचे लाकूडसामान’ असा उल्लेख सापडला तेव्हा दोन्ही गोष्टींचा मेळ बसला. तुमच्या तुळईला रिकाम्या खाचा, भिंतीत गेलेली नक्षी किंवा मध्येच कापलेली वेलबुट्टी आहे का ते पाहा. यातलं काही नसेल, तुळई खणाच्या मापात चपखल बसली असेल आणि तिच्या खालचे खांब आणि हस्त, म्हणजे खांबाच्या माथ्यावरचे लाकडी आधार, एकाच हाताचे वाटत असतील, तर निदान माजघर त्या सालचं मानायला जोर येतो.

लाकडावर हत्याराच्या खुणाही असतात. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासलेल्या तुळईवर उथळ, किंचित खोलगट पट्टे दिसतात. दोन माणसांनी ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण थोड्या वेड्यावाकड्या असतात. गिरणीतल्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळतात, त्या दिसल्या की लाकूड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी किंवा नंतर कापलेलं आहे. खिळ्यांचंही तसंच. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता, तारेचा गोल खिळा यंत्रावरचा आणि नंतरचा. अर्थात दुरुस्तीत खिळे बदलतात, म्हणून हात न पोहोचणाऱ्या आढ्याजवळचे खिळे पाहावेत, ते सहसा मूळचे असतात.

भिंतीकडे वळू. पेशवाईच्या काळात देशावर जी पक्की वीट वापरात होती ती पातळ आणि पसरट, दीड ते दोन इंच जाडीची. शनिवारवाड्याचा तट आठवा, खाली दगड आणि वर वीट. १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या त्या वाड्यापासून १८०७ च्या विश्रामबागवाड्यापर्यंत ही पद्धत नीट पाहता येते. तुमच्या जिल्ह्यात तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा उभा आहे, शेजारच्या पुणे जिल्ह्यात सासवडला पुरंदऱ्यांचा आहे. दुरुस्ती काढण्याआधी एक दिवस मेणवलीला जाऊन जोतं, वीट, दिंडी दरवाजा आणि कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत) डोळ्यांखालून घाला. तुलनेला दुसरं काही इतकं उपयोगी पडत नाही. इंग्रजी अमदानीत सरकारी बांधकामांबरोबर नऊ इंच लांब, साडेचार रुंद आणि सुमारे तीन इंच जाड अशी वीट रुळली. वरच्या अंगाला खळगा आणि त्यात भट्टीवाल्याची अक्षरं असलेली वीट त्याच्याही नंतरची. आज मिळणारी मेट्रिक मापाची वीट ती नव्हेच, तेव्हा अलीकडची दुरुस्ती लगेच वेगळी ओळखता येईल.

माप एका विटेचं घेऊ नका. भाजताना वीट आकसते, एकाच भट्टीतल्या दोन विटा सारख्या नसतात. दहा थरांची उंची सांध्यांसकट मोजा, आणि असं भिंतीच्या तीन-चार जागी करा. ओलीमुळे गिलावा पडलेली जागा वापरा, मुद्दाम फोडायची गरज नाही. विटांमध्ये काय भरलंय तेही पाहा: पांढरीची माती, चुना की सिमेंट. गावातल्या जुन्या वाड्यांत आतल्या भिंती बहुधा मातीत आणि दर्शनी भिंत चुन्यात असते, त्यामुळे माती आहे म्हणून जुनं आणि चुना आहे म्हणून नवं, असं होत नाही. सिमेंट मात्र स्पष्ट बोलतं. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. त्याआधी सिमेंट विलायतेहून यायचं आणि तालुक्याच्या गावातल्या घरापर्यंत पोहोचायचं नाही.

पातळ वीट मागे आणि जाड वीट पुढे, हे तुमचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. त्याचे दोन अर्थ होतात. मागचा भाग जुना असेल आणि दर्शनी भाग नंतर पैसा आल्यावर नव्याने बांधला असेल. किंवा सगळंच एका वेळी बांधलं, दिसणाऱ्या भागाला नवी वीट लावली आणि पडलेल्या जुन्या वाड्याची वीट मागे खपवली. दोन्हींतला फरक सांध्यावर कळतो. पुढची आणि मागची भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यात जा. थर एकमेकांत दात घालून गेले असतील तर काम एका वेळचं. वरपासून खालपर्यंत सरळ उभी चीर असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंचे थर जुळत नसतील, तर एक भिंत दुसरीला मागाहून टेकवलेली आहे. मागच्या विटांच्या अंगावर जुन्या चुन्याची पुटं असतील, आणि तीही आताच्या सांध्यात नसलेल्या चुन्याची, तर वीट दुसऱ्यांदा वापरलेली. या एका कोपऱ्यावर तासभर घालवलात तर वाड्याच्या इतिहासातला निम्मा गुंता सुटेल.

गर्डरचं काम सोपं आहे. गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठावाने असतं. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर माल इंग्लंडचा. ‘टाटा’ असेल तर १९१२ नंतरचा, कारण साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघायला लागलं तेच त्या साली. पोटाच्या भागावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने हलकं साफ करा आणि पांढरा खडू आडवा फिरवा, नाव दिसेल. फरशीचाही असाच उपयोग होतो. नक्षीच्या सिमेंटच्या टाइल्स आपल्याकडे मुख्यतः १९२० नंतरच्या. देवघराला किंवा जिन्याला मोर-फुलांच्या चकचकीत टाइल्स असतील तर एखादी सुटलेली टाइल उलटून पाहा. पाठीवर जपानचं नाव असेल तर विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली.

मागच्या सोप्यावर लाकूड असताना गर्डर का आले, हा प्रश्न स्वतःला विचारा. वाळवी लागली असेल, पण साताऱ्याकडच्या वाड्यांत आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले, बंद घरांची कौलं काढून आत ऊन-वारा खेळवला गेला, भिंतींना चुन्याचे हात मारले गेले. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर याच पट्ट्यात ब्राह्मणांचे वाडे जाळले गेले. ‘अठ्ठेचाळीसचं जळीत’ गावातल्या वयस्कांना अजून आठवतं, आणि गिलाव्याखाली काळवंडलेली वीट किंवा एका अंगाने कोळसा झालेली तुळई सापडली तर तो विषय घरच्यांशी हळुवारपणे काढा. या आठवणी अनेक घरांत अजून ओल्या आहेत. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. त्यानंतर वरचा मजला उतरवून घेतलेले, भिंती लोखंडी सळयांनी आवळलेले वाडे मी पुष्कळ पाहिले. तुमच्या वाड्यात जिना कुठेही न जाता भिंतीला टेकत असेल, तर वर कधीतरी मजला होता.

आता कागद. मिळकत पत्रिका हातात आहे तर सुरुवात तिच्यापासूनच, पण ती सगळ्यात कमी बोलते. त्यात ‘हक्काचा मूळ धारक’ म्हणून जे नाव असतं ते नगर भूमापनाच्या चौकशीच्या वेळचं. वाडा बांधणाऱ्याचं ते नाव असेलच असं नाही. खरी माहिती चौकशी नोंदवहीत आहे. त्या वेळी चौकशी अधिकाऱ्यापुढे कोण आलं, कोणता कागद दाखवला, शेजाऱ्याने हरकत घेतली का, भिंत सामाईक की स्वतंत्र, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडायचं, हे त्यात असतं. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून तिची आणि त्या वेळच्या नकाशाची नक्कल मागा. नकाशावरची वाड्याची रेघ आजच्या आराखड्यावर ठेवून पाहा. मागचा सोपा तेव्हाच्या नकाशात नसेल तर गर्डरचा काळ तिथेच निश्चित होतो. सातबाऱ्यात मात्र शोधू नका, गावठाणातल्या घरांचा तिथे संबंध नसतो.

त्याच्या मागे जायचं तर दुय्यम निबंधकाचं कार्यालय. दस्त नोंदणी आपल्याकडे १८६४ च्या कायद्यापासून आहे, आजचा कायदा १९०८ चा. स्थावराच्या दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स दोन, फी भरून कोणालाही पाहता येते. ऑनलाइन अलीकडचीच वर्षं मिळतील, जुनी सूची प्रत्यक्ष जाऊनच चाळावी लागते. तुमच्या आडनावावर थांबू नका. शेजाऱ्यांच्या खरेदीखतांतल्या चतुःसीमा वाचा. ‘पश्चिमेस अमुक यांचे घर’ या एका ओळीत तुमचा वाडा येतो, आणि शेजाऱ्याच्याच आधीच्या दस्तात त्याच दिशेला ‘अमुक यांची बखळ’, म्हणजे मोकळी जागा, लिहिलेलं असेल तर दोन सालांच्या मध्ये इमारत उभी राहिली. मी वय ठरवलेल्या घरांत सर्वांत भक्कम पुरावा अनेकदा शेजाऱ्याच्याच कागदाने दिला आहे.

दस्तातलं इमारतीचं वर्णनही नीट वाचा. ‘घर कौलारू, खण पाच, दुघई, पुढे सोपा, मागे परडे’ असं लिहिलेलं असतं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, घई म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधली जागा. हे वर्णन घेऊन वाड्यात उभे राहा आणि मोजा. आज खण सात भरले तर दोन खण त्या दस्तानंतर वाढवलेत, आणि ते कोणते हे भिंतीतली उभी चीर सांगेल. वाटणीपत्रं आणि गहाणखतं तर खरेदीखतापेक्षा बोलकी असतात, कारण भांडण टाळायचं असल्यामुळे तिथे जिना, विहीर, शौचकूप, दिंडीचा वापर अशी एकेक गोष्ट नमूद केलेली असते. वाटणीचा दावा कोर्टात गेला असेल तर कमिशनरने काढलेला नकाशा मिळण्याची शक्यता आहे. तो मिळाला तर त्याची प्रत जपून ठेवा.

नगरपालिकेची घरपट्टी आकारणी नोंदवही विसरू नका. घरपट्टी एकदम वाढलेलं वर्ष हे बहुधा मजला चढवल्याचं किंवा पुनर्बांधणीचं वर्ष असतं, पण सगळ्या गावाची फेरआकारणी त्याच साली झाली नव्हती ना, हे शेजारच्या घरांच्या रकान्यांवरून पडताळा.

१८६४ च्या मागचे कागद मोडीत आहेत आणि ते कुठे सापडतील हे तुमचं गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होतं यावर ठरतं. सातारा भागात १८१८ नंतर लगेच इंग्रजांचा थेट अंमल आला नाही, छत्रपतींचं सातारा राज्य १८४८ पर्यंत होतं. गाव फलटण, औंध किंवा भोर यांसारख्या संस्थानात असेल तर १९४८ च्या विलीनीकरणापर्यंतचं दप्तर आणखी वेगळं. पेशवे दप्तर आणि सातारकरांचं दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे, कागद कोट्यवधी, रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले. तिथे ‘आमच्या वाड्याची माहिती द्या’ म्हणून काही निघणार नाही. गाव, तर्फ, परगणा, घराण्याचं वतन किंवा हुद्दा आणि अंदाजे काळ घेऊन जा. इनाम असेल तर १८५२ च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनच्या चौकशीत घराण्याची कैफियत (लेखी निवेदन) सापडण्याची चांगली शक्यता असते, कारण इनाम कोणी, कधी, कशाबद्दल दिलं हे तिथे पुराव्यासह सांगावं लागे. या कागदांवर सन तीन प्रकारचे भेटतील. शकाचं वर सांगितलंच. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण मूळ कागदाचा फोटो शेजारी ठेवूनच. आणि हे कागद सांगतील ते घराण्याबद्दल आणि जागेबद्दल. ‘वाडा’ हा शब्द १७८१ च्या कागदात आला तरी तो हाच वाडा, असं त्यावरून म्हणता येत नाही.

सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८५ चं आहे, त्यात तुमच्या गावाची नोंद वाचा. त्या काळी गावात कशा प्रकारची घरं होती, व्यापार कशाचा होता, बाजार कुठे भरत होता, याचा अंदाज येतो. वाड्याला पैसा कुठून आला असेल हे त्यावरून कळायला लागतं. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या वर्षांत कापसाने दख्खनमध्ये पैसा आला, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बांधकामं थंडावली. बांधकामाची साल-संगती जुळवताना ही दोन टोकं मनाशी ठेवावीत. घराण्याच्या वंशावळीसाठी पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. कोण कधी कोणत्या गावाहून आलं, हे तिथे पूर्वजांच्या हस्ताक्षरात मिळू शकतं.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांबद्दल बरेच जण विचारतात. वीट शेवटची कधी भाजली हे उष्णदीप्तीच्या तंत्राने काढता येतं, पण त्यात पाच ते दहा टक्क्यांची चूक धरावी लागते. दीडशे वर्षांच्या घराला ती सात-आठ ते पंधरा वर्षांची होते, आणि जुनी वीट पुन्हा वापरली असेल तर उत्तर जुन्या घराचं मिळतं. सागाला वार्षिक वर्तुळं असतात, पण तासलेल्या तुळईवर सालीखालचा भाग उरत नाही, त्यामुळे झाड कधी तोडलं ते कळत नाही. एका घरासाठी या खर्चात पडू नये असं माझं मत आहे.

तुम्ही कळवलेल्या गोष्टींवरून माझा आजचा अंदाज असा. शके १७०३ ची तुळई खरी असावी, पण ती आधीच्या वाड्याची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. दगडी जोतं आणि मागच्या पातळ विटा त्याच जुन्या वाड्याच्या. पुढचा दुमजली भाग, जाड विटेचा, १८६० ते १९०० मधला. मंगळुरी छप्पर त्या कालखंडाच्या शेवटचं किंवा त्याहून अलीकडचं. गर्डरचा सोपा विसाव्या शतकातला. कोपऱ्यातला सांधा दात घालून निघाला किंवा तुळईवर रिकाम्या खाचा नाहीत असं दिसलं तर हा अंदाज मी लगेच बदलेन. लिहिताना तुम्हीही हेच करा. प्रत्येक विधानापुढे ते कशावरून म्हटलंय हे नोंदवा: कागदावरून, भिंतीवरून, की कोणाच्या सांगण्यावरून. सांगण्याला कमी लेखू नका, फक्त सांगणाऱ्याचं नाव, वय आणि त्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं लिहा.

सांगणाऱ्यांत भाडेकरूंना पहिलं स्थान द्या. कूळकायद्याने शेताचं उत्पन्न गेल्यावर अनेक मालकांनी वाड्यात बिऱ्हाडं ठेवली, आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मालक पुण्या-मुंबईला गेले आणि वाड्यात रोज वावरला तो भाडेकरू. कोणती भिंत कधी घातली, चौकातली विहीर कधी बुजवली, वीज कधी आली, वरच्या खोलीला पाण्याचा नळ कोणी ओढला, हे त्या घरातल्या आजींना ठाऊक असतं. त्यांच्याकडे चौकात काढलेला लग्नाचा फोटोही असतो. नवरा-नवरीच्या मागे दिसणारा कठडा, कौलं आणि दारं तुमच्या कामाची.

दुरुस्ती सुरू होण्याआधी एवढं करून घ्या. प्रत्येक मजल्याचा मापासह आराखडा कागदावर उतरवा, भिंतींची जाडी आणि खणांची अंतरं लिहून. प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे आणि आढ्याचे फोटो, मापपट्टी शेजारी धरून. गिलावा काढायचा ठरला तर गवंड्याला आधीच सांगा की वीट उघडी पडली की काम थांबवून फोटो काढू द्यायचा, मगच पुढचा हात. एरवी संध्याकाळपर्यंत सिमेंट चढलेलं असतं. मातीतल्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मुळातच करू नका, आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि वीट भुसभुशीत होऊन सुटते. चुन्यातच करा, गवंडी शोधायला वेळ लागला तरी चालेल. उतरवलेल्या मालातून प्रत्येक भिंतीची एक वीट, प्रत्येक छापाचं एक कौल, दोन-चार खिळे आणि गिलाव्याचा तुकडा बाजूला काढा. त्यावर कुठल्या भिंतीचा, कुठल्या उंचीवरचा हे चिठ्ठीवर लिहून बांधा आणि माजघरातल्या फडताळात ठेवा. कोपऱ्यातल्या सांध्याचे आणि तुळईच्या खालच्या अंगाचे फोटो मला पाठवलेत तर वरचा अंदाज त्यावर तपासून सांगेन.